पश्चिमेचं पाणी

कृष्णा जिथे जन्मते त्या क्षेत्र महाबळेश्वरापासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६४ किलोमीटर आहे. पावसाळ्यात कड्यावर उभं राहिलं तर वारा त्याच समुद्राचा, ढगही त्याचेच. पण कृष्णेनं त्याच्याकडे पाठ केली. ती उगवतीला वळली आणि वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, नरसोबाची वाडी अशी गावं घेत, पुढे कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडत सुमारे १,४०० किलोमीटर चालून हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला मिळाली. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळातल्या गोमुखातून पाच नद्यांचं पाणी पडतं अशी आपली श्रद्धा. त्या पाच बहिणींतली सावित्री तेवढी कडा उतरून कोकणात गेली आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला भेटली. वेण्णा मात्र माहुलीला येऊन थोरलीला मिळाली, कोयना कऱ्हाडला.

नदीचं हे वळण काठच्या माणसांच्याही अंगात उतरलेलं आहे. सातारा-सांगलीकडच्या आम्हा लोकांना पाणी कळतं, पण ते वाहतं पाणी. पावसाळ्यात सांगलीत सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न असतो, 'आयर्विनला किती फूट?' १९२९ साली बांधलेला तो पूल आमची पाणी मोजायची पट्टी आहे. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा अर्ध्या गावाचा जीव त्या आकड्यात अडकला होता. कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि ते इथे किती वेळात पोचेल याचा हिशेब भाजी घेता घेता मांडणारी माणसं आहेत आमच्याकडे. समुद्र मात्र सहलीपुरता. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं, फोटो काढायचा, शहाळं प्यायचं आणि घाट चढायचा.

या सुट्टीत मी ठरवलं, त्या पाण्याशी नीट ओळख करून घ्यायची. गोव्याच्या अगदी उत्तरेला, पेडणे तालुक्यात हरमलला सर्फिंग शिकवतात हे ऐकून होते. दहा जणांच्या घोळक्यात शिकायचं नव्हतं. एक शिकवणारा आणि मी एकटी शिकणारी, असा धडा मागून घेतला. कारण पाण्यातलं शहाणपण असंच एकाच्या हातातून दुसऱ्याच्या अंगात जातं, हे मला आजोळानं शिकवलेलं आहे.

सांगलीहून मी आजऱ्यावरून आंबोलीला गेले. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी थांबावंसं वाटलं, थांबले. घाटाच्या अगदी काठावर जन्मलेली ही नदीसुद्धा पूर्वेलाच निघते, घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. म्हणजे तिथवर मी माझ्याच नदीच्या पाणलोटात होते. मग रस्ता उतरू लागला, झाडं बदलली, हवा दमट झाली. पहिल्याच ओढ्यावर पाहिलं तर पाणी माझ्यासोबत खाली, पश्चिमेला चाललं होतं.

हरमलला शिकवणारा पोरगा मालवणकडचा, पंचविशीतला. उन्हानं केस तांबूस झालेले. त्यानं आधी माझी चौकशी केली.

"ताई, तुमी खंयसून इलास?"

"सांगली."

"थंय समुद्र नाय मां? पवूक येता?"

"येतं. कृष्णेत शिकलेय."

त्यानं मान हलवली, फळी वाळूवर ठेवली आणि म्हणाला, "मगे अर्धा काम झाला."

नवशिक्यांची फळी आठ-नऊ फुटांची असते, वरून मऊ, रुंद, पाण्यावर सहज तरंगणारी. खाली शेपटाकडे पाती, आणि शेपटालाच बांधलेला लवचिक दोर, तो घोट्याला गुंडाळायचा. पहिला पाऊण तास पाण्याचं नावही नाही. वाळूवर पालथं पडायचं, पंजे छातीच्या बाजूला टेकायचे, छाती उचलायची, आणि एका झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली घेऊन उभं राहायचं. गुडघे वाकलेले, एक पाय पुढे, नजर समोर.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की ही हालचाल माझ्या अंगाला परकी नाही. हा तर सूर्यनमस्कार. भुजंगासनातून पाय पुढे घेतानाचा तो क्षण, फक्त पायऱ्या गाळून. आमच्या घरी सूर्यनमस्कार आजीकडून आले. ती किर्लोस्करवाडीची, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानातली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांवर पुस्तकं लिहिली, चित्रं काढून घेतली, स्वतः रोज घातले आणि संस्थानातल्या शाळांतल्या मुलामुलींना घालायला लावले. औंध आज सातारा जिल्ह्यात, कुंडल, आटपाडी आणि किर्लोस्करवाडी सांगलीत. त्या राजाला हवाईच्या लाटांची काय कल्पना असणार! पण त्यानं आजीच्या अंगात घातलेली ती उठण्याची रीत माझ्यापर्यंत आली आणि हरमलच्या वाळूत कामाला आली. पोरगा म्हणाला, "ताई, ह्या तुमका कोणी शिकवल्यान?" मी त्याला औंधच्या राजाचं नाव सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं.

मग पाण्यात.

इथे मला मामाबद्दल सांगायला हवं. आजोळ माहुलीचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामानं मला संगमाखालच्या डोहात पोहायला शिकवलं. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा पाठीला, कमरेला दोर, आणि पोटाखाली मामाचा तळवा. गावातल्या इतर पोरांना वाळके भोपळे बांधत, कुणाला पत्र्याचा डबा, कुणाला ट्रकची ट्यूब. मामाचा आग्रह पांगाऱ्याचा, कारण तो हळूहळू तासून बारीक करता येतो. रोज संध्याकाळी तो विळ्यानं बिंड्याचा एक पापुद्रा काढायचा. मला कळायचं नाही की आज आधार कालच्यापेक्षा कमी आहे. मग एक दिवस पोटाखालचा तळवाही नव्हता, आणि मामा माझ्यापासून चार हातांवर उभा राहून माझ्याकडे बघत होता. इतकं बारकाईनं मला पुढे शाळेत, कॉलेजात कुणीच शिकवलं नाही. त्या दिवसांत मामा दुसऱ्या कुणाकडे पाहतच नसे. माझा श्वास कुठे तुटतो, मी कोणत्या खांद्यानं कलते, घाबरले की कोणता पाय आखडतो, हे त्याला पाठ होतं.

हरमलला कमरेएवढ्या पाण्यात मी फळीवर पालथी पडले आणि त्या पोरानं फळीचं शेपूट धरलं, तेव्हा पाठीमागचा हात मला ओळखीचा वाटला. दिसत नव्हता, पण होता.

नदीत पाणी मागायला लागत नाही, ते येतच असतं. आपण उतरलो की त्याच्या हवाली. समुद्रात मात्र थांबावं लागतं, आणि हे थांबणं मला नवीन होतं. तो मागे वळून क्षितिजाकडे बघायचा आणि म्हणायचा, "ही नको. ही पण नको. रवा." मला सगळ्या लाटा सारख्या दिसायच्या. त्याला त्यांच्यात फरक दिसायचा: ही लवकर फुटणार, हिच्यात दम नाही, हिच्यामागे मोठी आहे. नंतर किनाऱ्यावर बसून त्यानं मला समजावलं की या लाटा इथल्या वाऱ्याच्या नसतातच पुष्कळदा. खाली, हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला वादळं उठतात, तिथला वारा पाण्याला ढकलतो, आणि ती ढकल हजारो किलोमीटर प्रवास करून कित्येक दिवसांनी आमच्या किनाऱ्याला लागते. पाणी तेवढं येत नाही. पाणी जागच्या जागी गोल फिरून पुन्हा तिथेच येतं. प्रवास करते ती फक्त उचल. किनाऱ्याजवळ तळ वर येतो, लाटेचे पाय अडखळतात, माथा पुढे कलतो आणि ती फुटते. फुटल्यावर मात्र पांढरं पाणी खरोखर धावत सुटतं, आणि आम्ही नवशिके त्या धावत्या फेसावर शिकतो.

मी आयुष्यभर जे पाणी पाहिलं ते स्वतःच प्रवासाला निघालेलं. महाबळेश्वरचा थेंब खरोखर हंसलदीवीला पोचतो. इथे पाणी घरीच राहतं आणि निरोप तेवढा पुढे जातो. हे कळलं तेव्हा त्या फेसाळ पाण्याकडे मी कितीतरी वेळ पाहत राहिले.

"आता इली! हात मारा, मारा!"

मी हात मारले. शेपटाला एक ढकल मिळाली, लाटेनं फळी उचलली, आणि त्याचा आवाज मागे राहिला. पंजे छातीशी, छाती वर, पाय आत. उभी राहिले आणि पडले. नाकात खारं पाणी, डोळ्यांत खारं पाणी. कृष्णेचं पाणी नाकात गेलं तरी गोडच लागतं. हे पाणी आत शिरून झोंबतं. पुन्हा फळीवर, पुन्हा वाट बघणं. "खाली बघू नकात, फुडे बघा," तो प्रत्येक वेळी सांगायचा. जिथे नजर जाते तिथे अंग जातं, हे फळीवर अगदी शब्दशः खरं आहे.

हा एकास एक धडा सर्फिंगच्या इतिहासातही आहे. हवाईचा ड्यूक काहानामोकू, १९१२ आणि १९२०च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचं सुवर्ण मिळवणारा, १९१५च्या सुरुवातीला सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर होता. त्यानं इझाबेल लेथम नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या फळीवर पुढे घेतलं. लाटेचा उतार पाहून ती घाबरली, तेव्हा ड्यूकनं तिला मानेला धरून उभं केलं, असं ती पुढे सांगत असे. इझाबेल मोठेपणी पोहण्याची शिक्षिका झाली आणि तिनं असंख्य मुलांना पाण्यात उतरवलं. मला या हकिकतीतला तिचा पराक्रम जेवढा आवडतो त्याहून तिचं पुढचं आयुष्य आवडतं. कुणीतरी आपल्याला उभं केलं, तर आपण दुसऱ्याला उभं करायचं, आणि ते तिनं जन्मभर केलं.

दुपार कलताना मी उभी राहिले आणि उभीच राहिले. लाट पायाखालून घरंगळत होती, फळी सरळ काठाकडे निघाली होती, आणि गुडघ्यांना आपोआप कळत होतं की आता थोडं डावीकडे, आता थोडं खाली. काठ जवळ आला, फळी वाळूला लागली आणि मी उतरले. मागे तो पोरगा दोन्ही हात वर करून ओरडत होता. इतका आनंद मला माहुलीच्या डोहानंतर पाण्यानं कधी दिला नव्हता.

परतीच्या आधी त्यानं एक गोष्ट बजावून सांगितली. लाटांनी काठावर आणलेलं पाणी कुठेतरी वाट काढून आत परत जातं. ती धार ओढून न्यायला लागली तर काठाकडे तोंड करून झगडायचं नाही, दम जातो. काठाला समांतर पोहायचं, धारेतून बाजूला व्हायचं, मग वळायचं. मी म्हटलं, अरे, हे तर मामाही सांगायचा! कृष्णेच्या धारेला आडवं जायचं नाही, तिच्याबरोबर तिरकं उतरत जायचं, खालचा घाट धरायचा.

आता मामा नाही, आणि मामासारखे शिकवणारेही माहुलीत उरलेले नाहीत. सांगलीच्या वर भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात उतरायची भीती खरी आहे. मळी आणि सांडपाण्यानं उन्हाळ्यात काठाला मेलेल्या माशांचा खच पडलेला मी पाहिला आहे. मुलं पोहण्याच्या तलावात शिकतात, छान शिकतात, पण तिथलं पाणी उभं असतं. धार म्हणजे काय, भोवरा कुठे असतो, पुराचं पाणी पायाला कसं ओढतं, हे तलावात शिकता येत नाही. दर काही वर्षांनी ज्या कृष्णेच्या पुरात आमची घरं बुडतात तिच्याच काठावरची पोरं वाहत्या पाण्याला अनोळखी राहावीत, याचा मला मनापासून त्रास होतो. हरमलला किनाऱ्यावर पिवळे-तांबडे झेंडे रोवून जीवरक्षक उभे असतात. कृष्णेच्या प्रत्येक मोठ्या घाटावर उन्हाळ्याचे दोन महिने असे जाणते पोहणारे बसवता येतील. मगरींचा पट्टा सोडून सुरक्षित जागा आखता येतील, नदीत सोडली जाणारी घाण थांबवता येईल. यातलं काहीच अशक्य नाही. नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला हे सांगायचं मी आता मनावर घेतलं आहे.

संध्याकाळी चहा पिताना त्या पोरानं विचारलं, "तुमच्या न्हंयत लाटो येतत?"

लाटा नाहीत, मी म्हटलं, पण होड्यांच्या शर्यती असतात. पावसाचा जोर ओसरला की भरल्या कृष्णेत काठावरच्या गावांच्या लांब होड्या उतरतात, वल्ही एका तालात पडतात, आयर्विनवर आणि दोन्ही तीरांवर माणसांची भिंत उभी राहते. धारेच्या विरुद्ध जाताना होडी कुठल्या काठानं घालायची हे म्होरक्याला कळलं पाहिजे, नाहीतर कितीही ताकद लावा, मागे पडता.

तो कप खाली ठेवून ऐकत होता. "पावसात आमचा काम बंद," तो म्हणाला. "तेव्हा येतंय. पण तुमी माका ती धार दाखवक व्हयी."

मी त्याला गाडी सांगितली: सावंतवाडीहून कोल्हापूर, तिथून सांगली, आणि स्टँडवरून सरळ सांगलवाडीच्या बाजूचा काठ.