आडवी ओळ

गेले तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघातिघांनी चौकशी केली. नाशिकच्या वन्सं तर फोनवर म्हणाल्या, "तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. मी कॉम्प्युटरवरच्या तक्त्यांमध्ये अडकले होते. पंचाहत्तरीत हे कुठलं खूळ, असं वाटेल. तर सांगते.

शाळेत असताना माझ्याकडे बरीच वर्षं जनरल रजिस्टर होतं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी: जाडजूड, कापडी पुठ्ठ्याचं, दोन पानांवर पसरलेलं. डावीकडे रजिस्टर नंबर, मग नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, प्रवेशाची तारीख, आणि पार उजव्या टोकाला शाळा सोडल्याचं कारण आणि शेरा. डावीकडून उजवीकडे वाचत गेलं की एक मूल पूर्ण होतं. आडवी ओळ म्हणजे एक मूल. मी १९७३ साली अकोले तालुक्यात नोकरीला लागले तेव्हा आदल्याच वर्षीच्या दुष्काळाच्या खुणा त्या पानांवर ताज्या होत्या. 'नाव कमी', 'नाव कमी', 'परगावी गेले', असे शेऱ्यांचे रकानेच्या रकाने.

ते रजिस्टर खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकलं तर लाल शाईने एक रेघ, वर दुरुस्ती, शेजारी मुख्याध्यापकांची सही. खालचं चुकलेलं अक्षर वाचता आलं पाहिजे. मूल एकदा शाळा सोडून गेलं की जन्मतारीख तर सहजासहजी बदलताच येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जावं लागतं.

जन्मतारखांचीही एक गंमत. आमच्या पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेले आहेत :) शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आई सांगायची "आखाडात झाला" किंवा "पुराच्या साली", आणि गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकून मोकळे. माझीही तीच. १ जून १९५०. म्हणून तर मी ३१ मे २००८ ला निवृत्त झाले.

आता मूळ गोष्ट. जिल्ह्यातल्या एका शाळेने (नाव सांगत नाही) जुनं रजिस्टर एक्सेलमध्ये टाईप करून घेतलं होतं. हेतू चांगला होता. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून गावोगावची जुनी रजिस्टरं बाहेर निघू लागली आणि जीर्ण पानं हाताळून हाताळून आणखी जीर्ण झाली. तेव्हा कॉम्प्युटरवर घेतलं ते बरंच केलं. पण पुढे कोणीतरी वयाप्रमाणे यादी हवी म्हणून फक्त जन्मतारखेचा रकाना निवडला आणि चढत्या क्रमाने लावला. एक्सेल अशा वेळी विचारतं की शेजारचे रकानेही बरोबर घेऊ, की निवडलेत तेवढ्यावरच चालवू? इंग्रजीत विचारतं. दुसरं बटण दाबलं गेलं. तारखा सरकल्या, नावं जागेवर राहिली. साडेअकराशे मुलं आणि तारखा एकमेकांपासून सुटल्या.

आणि कळलं नाही कोणाला! कसं कळणार? रजिस्टर प्रवेशाच्या क्रमाने असतं, म्हणजे वयं साधारण चढत्या क्रमानेच असतात. तारखा सरकल्या त्या दोन-तीन वर्षांनी. त्यात जिकडेतिकडे १ जून. कित्येक ओळी तर योगायोगाने बरोबरच राहिल्या. चूक अशी बेमालूम मिसळली होती की नुसत्या नजरेला काही खटकू नये.

ती सापडली दोन भावांमुळे. धाकट्याला मुलीच्या जात पडताळणीसाठी स्वतःचा दाखला हवा होता. त्याने दोघांचेही उतारे काढून आणले, तर धाकटा थोरल्यापेक्षा दीड वर्षाने मोठा! थोरल्याला लहानपणी शेळ्यांमागे धाडलेलं, तो शाळेत उशिरा आला, त्याचा नंबर धाकट्याच्या नंतरचा. म्हणून चढत्या तारखांत आधीची तारीख धाकट्याच्या वाट्याला आली. दोघंही माझ्या हाताखालून गेलेले. धाकटा घरी आला आणि म्हणाला, "बाई, आता मी दादाला नावाने हाक मारू का?" हसलो आम्ही, पण त्याच्या हातात नोकरीच्या ठिकाणची एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी होती. पडताळणीत अशा कागदांवर प्रश्न निघतात आणि पोरीचा प्रवेश लटकतो. ते काही हसण्यासारखं नव्हतं.

कागदी रजिस्टर शाबूत होतं हे नशीब. मी आणि तिथली एक तरुण शिक्षिका चार दिवस बसलो. मी वाचायची, ती टिकमार्क करायची. अक्षरी तारखेचा रकाना एक्सेलमध्ये घेतलाच नव्हता, जागा वाचवायला म्हणे. तो असता तर पहिल्याच पानावर अंकी आणि अक्षरी जुळत नाही हे दिसलं असतं. जुन्या माणसांनी एकच तारीख दोनदा का लिहायला लावली, ते असं कळतं.

माझा एक विद्यार्थी पुण्याला प्रोग्रामर आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, एक्सेलमध्ये प्रत्येक चौकट सुटी असते. ओळ ही तुमच्या डोक्यात असते, त्याला ती ठाऊक नसते. ओळ बांधून ठेवायची तर खाली टेबल पाहिजे आणि वर ग्रिड." आणि एका रविवारी येऊन त्याने शाळेच्या मशीनवर छोटा प्रोग्राम करून दिला. मी शेजारी खुर्ची टाकून बसले आणि प्रश्न विचारून त्याचं डोकं खाल्लं. हाताखालच्या पोराकडून शिकायची मजा काही वेगळीच असते.

मला समजलं ते असं. पडद्यावर जो चौकटींचा तक्ता दिसतो तो ग्रिड. डॉट नेटमध्ये त्याला डेटाग्रिडव्ह्यू म्हणतात, २००५ पासून आहे. त्यात स्वतःचं काही नसतं, ती नुसती काच. खरी माहिती खालच्या टेबलात, आणि दोघांना जोडणारा मधला दुवा म्हणजे बाइंडिंग. ग्रिडच्या रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली की ओळी तारखेप्रमाणे लागतात, पण अख्ख्या ओळी, मुलासकट. आणि खालचं टेबल तर हलतही नाही. बदलतो तो फक्त बघण्याचा क्रम. टेबलात ओळींना क्रम नसतोच, हा विचार एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने १९७० सालीच मांडला होता म्हणे. आमच्या रजिस्टरात नंबर हाच क्रम, त्यामुळे हे पचायला मला जरा वेळ लागला.

मग मी विचारलं, मी चौकटीत बदल केला तर तो कुठे जातो? तर तोही टप्प्याटप्प्याने जातो. आधी चौकटीत, ओळ सोडली की मेमरीतल्या टेबलात, आणि 'जतन करा' म्हटल्यावरच डिस्कवरच्या डेटाबेसमध्ये. तोवर प्रत्येक ओळ आपली मूळ किंमतही धरून ठेवते, नवीही. हे ऐकून मला लाल शाईच आठवली. पण जतन केलं की मूळ किंमत पुसली जाते, हे काही मला पटलं नाही. मी म्हटलं, "अरे, मग खालचं अक्षर वाचायचं कसं?" त्यावर त्याने दुरुस्त्यांचं वेगळं टेबल केलं: जुनं काय, नवं काय, कोणी, कधी, कोणत्या आदेशाने. आदेश क्रमांक भरल्याशिवाय जन्मतारखेची चौकट उघडतच नाही. हे मात्र झकास.

जाता जाता त्याने जुन्या दिवसांची एक गोष्ट सांगितली. व्हिज्युअल बेसिक सहावर काम करायचे तेव्हा ग्रिडला युनिकोडची देवनागरी कळायची नाही, नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मग श्रीलिपीसारखे फॉन्ट लावायचे. पडद्यावर 'सखुबाई' दिसायचं, पण आत साठवलेली असायची भलतीच रोमन अक्षरं. फॉन्ट काढला की बाई गायब!

शेवटी वाद झाला तो जिल्ह्यावरून. त्याने जिल्ह्यांची एक वेगळी छोटी यादी केली होती. प्रत्येक ओळीत फक्त आकडा, ग्रिड त्या आकड्यावरून नाव दाखवतं. सोय अशी की २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, ते यादीत एकदा बदललं की सगळीकडे आपोआप बदलणार. बदललंही. आणि १९६१ साली जन्मलेल्या मुलाच्या जन्मस्थळापुढेही अहिल्यानगर आलं. शाळेतल्या तरुण मंडळींना ते ठीक वाटलं. मी म्हटलं, नाही. नावाला माझा विरोध नाही, पत्ता नव्याच नावाने लिहावा. पण रजिस्टरात जे लिहिलंय त्याचाच उतारा द्यायचा असतो. त्या शिक्षकाने त्या दिवशी जे लिहिलं ते आपल्याला बदलता येत नाही. तो थोडा वेळ गप्प बसला, मग जन्मस्थळाचा रकाना त्या यादीपासून सोडवला आणि तिथे साधा मजकूर ठेवला. नोंद आहे तशी.

परवा धाकट्याचा नवा दाखला निघाला. वर शाळेच्या नावाखाली जिल्हा अहिल्यानगर, आत जन्मस्थळापुढे जि. अहमदनगर. तारीख अंकी, तारीख अक्षरी. पुन्हा थोरल्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा झाला तो. जन्मदिवस दोघांचाही १ जूनच.