पाहुण्याने विचारलं म्हणून

"मामा, एक खड्डा बघायला एवढ्या लांब जाताय?" भाचीने विचारलं. लांब म्हणजे फार नाही. फिलाडेल्फियातून पॅटकोची लोकल धरली की डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडून वीसेक मिनिटांत न्यू जर्सीतलं हॅडनफील्ड येतं. वस्ती साडेबारा हजारांच्या आसपास, पण १८७५ पासून ते 'बरो' आहे; गावाचा कारभार गावाकडे.

स्टेशनातून वर आलं की थोड्या अंतरावर किंग्ज हायवे. नाव हायवेचं असलं, तरी आज ही झाडांच्या सावलीतली बाजारपेठ आहे. गावाला नाव मिळालं एलिझाबेथ हॅडनवरून. तिच्या क्वेकर वडिलांनी लंडनमध्ये बसून इथली जमीन घेतली, स्वतः मात्र आले नाहीत. १७०१ साली विशीतली ही मुलगी एकटी समुद्र ओलांडून आली. पुढच्याच वर्षी जॉन एस्टॉ या धर्मप्रचारकाशी तिचं लग्न झालं, आणि मागणी तिनेच घातली, असं गाव सांगतं. लाँगफेलोने तिच्यावर कविता लिहिली, त्यामुळे आख्यायिकेवर शिक्कामोर्तबच झालं.

याच रस्त्यावर इंडियन किंग टॅव्हर्न आहे. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, १७७७ मध्ये, न्यू जर्सीचं कायदेमंडळ इथे भरलं. इथेच राजमुद्रा मंजूर झाली, आणि सप्टेंबरात कागदोपत्री 'वसाहत' हा शब्द जाऊन 'राज्य' आला. पाहताना मला हसू आवरेना. १८७३ मध्ये या गावाने दारूविक्रीवर बंदी घातली, आणि गावाची सर्वांत मानाची वास्तू म्हणजे एक दारूचा गुत्ता! १९०३ मध्ये राज्य सरकारने तो विकत घेऊन जपला.

बाजारातल्या ब्राँझच्या डायनासोरला, गावाच्या लाडक्या 'हॅडी'ला, नमस्कार करून मी मेपल अ‍ॅव्हेन्यूच्या टोकाशी गेलो. घरं संपली, रस्ता संपला, खाली झाडीने भरलेली घळ. एक दगडी स्मारक आणि कुणी कुणी ठेवून गेलेले प्लास्टिकचे चिमुकले डायनासोर. देवळाबाहेर मातीचे घोडे वाहतात, तसे.

ही जॉन हॉपकिन्सची जमीन. इथे मार्ल नावाची हिरवट माती खणून शेतात खत म्हणून टाकत. १८३०च्या दशकात खणताना मोठमोठी हाडं निघाली. आल्यागेल्यांनी हौसेने ती नेली आणि विषय संपला. वीस वर्षांनी, १८५८ मध्ये, विल्यम पार्कर फौल्क हा फिलाडेल्फियाचा गृहस्थ इथे राहायला आला होता. हॉपकिन्सच्या बोलण्यात त्या हाडांचा उल्लेख आला. इतरांनी ऐकून सोडून दिलेली गोष्ट फौल्कने धरून ठेवली. खड्डा नेमका कुठे होता, हे त्याने विचारलं आणि माणसं लावून पुन्हा खणायला घेतलं.

निघालेला सांगाडा त्या काळापर्यंत जगात सापडलेल्या डायनासोरांपैकी सर्वांत पूर्ण होता. वय सुमारे आठ कोटी वर्षं. जोसेफ लायडी या शास्त्रज्ञाने त्याला हॅड्रोसॉरस फौल्काय म्हटलं. पाहुण्याचं नाव असं कायमचं चिकटलं. पुढचे पाय आखूड आणि मागचे लांब, हे पाहून लायडीने ताडलं, की हा प्राणी मागच्या पायांवर उभा राहत असावा. तोवर डायनासोर म्हणजे गेंड्यासारखं चार पायांचं धूड, अशीच समजूत होती. लंडनच्या क्रिस्टल पॅलेससाठी तशी धुडं घडवणाऱ्या वॉटरहाउस हॉकिन्सनेच १८६८ मध्ये फिलाडेल्फियात हा सांगाडा दोन पायांवर उभा केला. सांगाडा जोडून मांडलेला जगातला हा पहिला डायनासोर.

संध्याकाळी भाचीने विचारलं, "मग, काय होतं त्या खड्ड्यात?"

"पालापाचोळा," मी म्हणालो.

पण मन वरोऱ्याला पोचलं होतं. माझं बालपण तिथलं. त्याच तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरची हाडं सापडतात, हे मला पन्नाशीत पुस्तकातून कळलं. पिसदुऱ्याचा एक मुलगा माझ्याच बाकावर बसायचा. त्याला गोट्यांखेरीज काही विचारल्याचं मला आठवत नाही.