आम्ही आणि आपण

ऐकणाऱ्याला वगळणारे ते ‘आम्ही’, सामावून घेणारे ते ‘आपण’, हे व्याकरण आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्याची किंमत कळली ती पुण्यातील एका समुपदेशिकेच्या खोलीत.

विद्यार्थी वेल्ह्याकडचा, भोरला खोली घेऊन राहणारा. वर्गात येईनासा झाला, पुढे स्वतःला इजा करून घेऊ लागला. आईवडिलांना आणा, असा निरोप होता. आली पाच माणसे: थोरले चुलते, आजी, मामा, आई, आणि मुंबईहून रजा काढून आलेले माथाडी वडील. खुर्च्या तीन. आई खाली बसली. थोरल्या दिरांसमोर ती खुर्चीवर कशी बसणार?

“तुम्हाला काय वाटतं?” या प्रश्नावर ती म्हणाली, “मला काय वाटायचं?” चुलत्यांनी विषय मिटवला, “आमच्यात असलं काय नसतं.” त्या ‘आमच्यात’मध्ये घर, भावकी, गाव सारे होते, समुपदेशिका तेवढी बाहेर होती. आणि आम्हीही. वाटेत आम्हीच त्यांना बजावले होते, की मांढरदेवीला नेल्याचे तिथे काढू नका. सुशिक्षितांची ही लाज आम्हाला अजून टोचते.

१९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील मुलांच्या कुटुंबांबरोबर काम करताना साल्वादोर मिनुचिन यांनाही बोलण्यावरच विसंबलेला उपचार अपुरा वाटला होता. त्याआधीच, १९५०च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णांजवळ राहू दिले होते. घर हे अडचण नसून उपचाराचा भाग आहे, ही जाण आपल्याकडे उसनी आलेली नाही. पण घर म्हणजे आईबाप आणि मूल, हा हिशेब मात्र आपण पुस्तकांतून उचलला. ज्या घरात बाप महिन्यातून एकदा येतो आणि कर्ता पुरुष चुलता असतो, तिथे तो जुळत नाही.

दुसऱ्या खेपेला समुपदेशिकेने सतरंजी अंथरली, स्वतः खाली बसली आणि पहिला प्रश्न आजीला केला, “देवाला कुठं नेलं होतं का?” आजीने मांढरदेवीचे सारे सांगितले, कोणी हसले नाही. मग ती सुनेकडे वळून म्हणाली, “तू बोल गं.” आई बोलू लागली. पोराला भोरला ठेवायचे ठरले तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते. चुलते खिडकीबाहेर पाहत होते. बऱ्याच वेळाने मामा म्हणाले, “मॅडम, आता आपण काय करायचं?”

मुलाने तेव्हा प्रथमच मान वर केली. पुढच्या गुरुवारची वेळ ठरली. परतीच्या एसटीत चुलत्यांनी सगळ्यांची तिकिटे काढली, आमचीही.