अनसिंगच्या रस्त्यावर : तीनदा बदललेला डायनॅमो

वाशीमहून पुसदचा रस्ता धरला की काळ्या रानातून जाता जाता अनसिंग लागते. गावाचे नाव लोक शृंगऋषीच्या कथेशी जोडतात. मात्र रोज प्रवास करणाऱ्याला अनसिंग ठाऊक असते ते थांबा म्हणून. आसपासच्या खेड्यांतील माणसे येथे येतात आणि कोणी वाशीमच्या कचेरीला, कोणी पुसदच्या बाजाराला जातो. इंग्रजी अमदानीत १८७५ पासून ही दोन्ही गावे एकाच वाशीम जिल्ह्यात होती. १९०५ साली तो जिल्हा मोडला. वाशीम अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. पुढे १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला, पुसद मात्र यवतमाळातच राहिले. कागदावरच्या सीमा अशा हलल्या, पण माणसांची ये-जा काही थांबली नाही.

ही ये-जा एस.टी.बरोबरच काळी-पिवळी जीपवर चालते. अशी एक जीप म्हणजे एका घराची शेती, दुकान आणि नोकरी, सगळे एकत्र. ती उभी राहिली की चूलही अडते. म्हणूनच मागच्या उन्हाळ्यात अनसिंगला एका टिनाच्या शेडमध्ये आम्ही जे पाहिले, ते आपल्या वाचकांना सांगावेसे वाटते.

शेड गाड्यांची वायरिंग करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रीचे होते. समोर डिझेल जीप उभी. मालकच चालक. आठ महिन्यांत तीन डायनॅमो जळाले होते. (त्याचे खरे नाव अल्टरनेटर, पण आपल्याकडे सगळे डायनॅमोच म्हणतात.) प्रत्येक वेळी नवा बसवायचा, महिना-दोन महिने गाडी धावायची, मग चार्जिंगचा लाल दिवा पुन्हा लागायचा. कोणी म्हणे माल डुप्लिकेट, कोणी म्हणे नशीब. जीपचे हप्ते थकले होते. मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, तिची फी याच जीपवर. तो वैतागून म्हणाला, “मिस्त्री, आता याले विकूनच टाकतो.”

मिस्त्रीने लगेच पाना हाती घेतला नाही. आधी मीटर लावला. इंजिन बंद असता बॅटरी साडेबारा व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठीक. इंजिन चालू केल्यावर काटा साधारण चौदावर जायला हवा होता, तो वाढलाच नाही. मग पट्टा दाबून पाहिला. तो ढिला नव्हता. बॅटरीपासून बॉडीपर्यंतची अर्थची वायर तपासली, तीही घट्ट. तेव्हा कुठे डायनॅमो उतरवून उघडला. आत कार्बन आणि रिंगा ऑईलने माखून काळा चिखल झाला होता.

मिस्त्रीने विचारले, “ऑईल कितीक टाकता?”

“टाकतो कधीमधी,” चालक म्हणाला.

त्याच्या बायकोने पिशवीतून वही काढली. घरखर्चाच्या वहीत जीपचीही पाने होती, तारखेसकट. ती म्हणाली, “कधीमधी नाही, मिस्त्री. पहिले महिन्यातून एकदा टाकत होते. आता दर आठवड्याले अर्धा लिटर लागून रायलं.”

मिस्त्री हसला. “ताई, बिमारी तुमच्या वहीत हाय. दवा हे दुसऱ्यालेच देऊन रायले!”

गोष्ट अशी होती. पेट्रोल इंजिन स्वतःच हवा ओढते, डिझेल इंजिन तशी ओढत नाही. ब्रेकला जोर मिळावा म्हणून डिझेल गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि बऱ्याच जीपगाड्यांत तो डायनॅमोच्याच पाठीवर, त्याच दांड्यावर बसवलेला असतो. या पंपाला बारीक नळीतून इंजिनचे ऑईल मिळते आणि जाड रबरी नळीतून ते परत इंजिनात उतरते. या जीपची परतीची नळी वरून धड दिसत होती, पण आतून फुगून बुजली होती. मिस्त्रीने ती काढून तोंडाने फुंकली, तर हवा पलीकडे जाईना. परतीची वाट बंद, म्हणून ऑईल पंपात साचे आणि सील ओलांडून डायनॅमोत शिरे. तिन्ही वेळा डायनॅमो नवा आला, नळी मात्र जुनीच राहिली.

चालकाला ब्रेकही काही दिवसांपासून जड लागत होता. त्याने तो लायनरचा दोष मानला होता. दहा-बारा जीव घेऊन चालणाऱ्या गाडीत ही गोष्ट डायनॅमोच्या खर्चाहून कितीतरी मोठी होती.

नवी नळी, सील आणि कार्बन बसले. मीटरने चौदा व्होल्ट दाखवले, दिवे लावूनही काटा फारसा पडला नाही, आणि ब्रेकचा पायही हलका झाला. जीप विकायची भाषा तेथेच संपली.

ज्या शोधावर ही सारी यंत्रे उभी आहेत, तो चुंबकापासून वीज निर्माण करण्याचा शोध १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी लावला. ते एका लोहाराचे पुत्र आणि लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानातले उमेदवार होते. बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शिकले, आणि जे पाहिले ते आयुष्यभर नेमाने वहीत टिपत गेले. अनसिंगच्या त्या माउलीने दुसरे काय केले?

आपल्या समाजातील कितीतरी तरुण आज जीप, ऑटो, टेम्पो चालवून घर चालवतात. त्यांच्यासाठी मिस्त्रीचे चार शब्द येथे देतो. एकच भाग दुसऱ्यांदा जळाला तर तिसरा विकत घेण्यापूर्वी तो का जळाला हे विचारा. उतरवलेला भाग आपल्यासमोर उघडायला लावा : आत ऑईल असेल तर सील आणि नळी पाहा, डायोड जळाले असतील तर खराब बॅटरी, सैल वायर किंवा वाढीव दिवे आणि स्पीकरचा भार पाहा, बेअरिंग गेले असेल तर पट्टा फार ताणला होता का ते पाहा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासू देऊ नका, त्याने चांगला डायनॅमोही जळतो. डिझेल जीपमध्ये लाल दिवा लागला आणि ब्रेकही जड झाला तर प्रवासी तेथेच उतरवा. पट्टा तुटलेला असू शकतो.

आणि घरातील मायबहिणींनो, गाडीची वही तुम्ही ठेवा. तारीख, ऑईल, दुरुस्ती, खर्च एवढेच लिहा. एका ओळीला एक मिनिट लागते, आणि अशीच एखादी ओळ हप्त्यावरची जीप विकण्यापासून वाचवते.