मागच्या दाराची स्पर्धा

अर्थशास्त्राच्या एम.ए.ला असताना बाजाराचे चार प्रकार आम्ही तोंडपाठ केले होते : पूर्ण स्पर्धा, मक्तेदारीयुक्त स्पर्धा, अल्पाधिकार आणि मक्तेदारी. किराणा दुकान हे पूर्ण स्पर्धेच्या सर्वांत जवळचे उदाहरण, असे लिहिले की गुण मिळत. पुढे केंद्र सरकारच्या नोकरीने मला झाशीला आणले आणि सीपरी बाजारातील एका दुकानदाराने ते उत्तर चुकीचे ठरवले.

झाशीतील जुनी मराठी घराणी नेवाळकरांच्या काळाशी नाते सांगतात, आणि आमच्यासारख्या बदलीवाल्यांची त्यांत भर पडत असते. या मोजक्या गिऱ्हाइकांसाठी हा गृहस्थ जाड पोहे, कोकम आणि गोड्या मसाल्यासाठी दगडफूल ठेवतो. मोठ्या दुकानाच्या फळीवर काय असावे हे दूरच्या शहरात ठरते. तिथे कोकमाला कोण विचारणार?

एका संध्याकाळी त्याने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक त्याच्या वितरकाचे बिल, दुसरी गावातल्या एका मोठ्या साखळी दुकानाची पावती. धुण्याच्या पावडरीची तीच पुडी. वितरकाने त्याला 126 रुपयांना दिलेली, मोठ्या दुकानाने कोणाही गिऱ्हाइकाला 119 रुपयांना विकलेली. सूट असली की पुतण्याला तिथे पाठवून तो स्वतःच्या दुकानासाठी माल आणवू लागला होता. "साहेब, मी दुकानदार की गिऱ्हाईक? आणि सरकारात याला काही कायदा आहे की नाही?"

गावात अशी दोन मोठी दुकाने आहेत. तेल आणि साखर यांच्या दरांवर त्यांची जाहिरातींची लढाई चालते आणि लोकांना तीच स्पर्धा वाटते. पॉल स्वीझीने 1939 मध्ये दाखवले होते की थोडेच विक्रेते असले की एकाने दर उतरवताच दुसराही उतरवतो, म्हणून दर उतरवून फारसे काही हाती लागत नाही. खरी चढाओढ मग मागच्या दारी सुरू होते. कंपनीकडून अधिक स्वस्तात माल कोण उचलतो, फळीवरच्या मोक्याच्या जागेचे पैसे कोण वसूल करतो, उधारी कोणाला किती दिवसांची मिळते, यावर सारे ठरते. एकाच खरेदीदाराच्या सत्तेसाठीचा शब्द जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्ये अर्थशास्त्रात रुजवला. आम्ही मात्र ते प्रकरण परीक्षेत येत नाही म्हणून सोडून दिले होते!

या मागच्या दारी बडेही सुरक्षित नसतात. 2002 मध्ये पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने शक्यतो जागा विकत घेण्याचे आणि पुरवठादारांना लवकर पैसे देऊन भाव पाडून घेण्याचे धोरण ठेवले. 2001 मध्ये सुरू झालेला बिग बझार भाड्याच्या जागांत आणि कर्जावर वाढला. त्याच्या मालक-समूहाचा किरकोळ व्यवसाय रिलायन्सला विकण्याच्या योजनेला स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2020 मध्ये संमती दिली. अ‍ॅमेझॉनशी वाद पेटला आणि एप्रिल 2022 मध्ये योजना बारगळली. पण तोवर भाडेकरार हाती असल्यामुळे रिलायन्सने शेकडो दुकानांचा ताबा घेतला होता. गिऱ्हाइकाला दिसली ती फक्त बदललेली पाटी.

असो. प्रश्न कायद्याचा होता. अमेरिकेत ए अँड पी या बलाढ्य साखळीच्या धास्तीने 1936 मध्ये रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला. एकाच मालासाठी दोन व्यापाऱ्यांना वेगळे भाव देण्यावर त्याने बंधन घातले. आपल्या 2002 च्या स्पर्धा अधिनियमाचे कलम 4, जे 20 मे 2009 पासून लागू झाले, भेदभावाच्या किमतीला मनाई करते, परंतु प्रभुत्व असलेल्या उद्योगालाच. झाशीत दोन मोठी दुकाने आहेत. मग प्रभुत्व कोणाचे? हीच तक्रार घेऊन देशभरातील वितरकांच्या महासंघाने डिसेंबर 2021 मध्ये कंपन्यांविरुद्ध असहकार पुकारला होता.

दुसरा मार्ग फर्मानाचा. ऑगस्ट 2007 मध्ये याच उत्तर प्रदेशात शासनाने रिलायन्सची भाजी-किराण्याची दुकाने बंद करायला लावली. प्रशासक म्हणून मला तो मार्ग कधीच पटला नाही. त्याने दुकान बंद होते, भावातला भेद तसाच राहतो. शिवाय प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्या घरचे तेल त्या मोठ्या दुकानातूनच येते, आणि हे त्या दुकानदारालाही ठाऊक आहे.

मी त्याला कलम 4 समजावून सांगितले. आयोगापुढे 'संबंधित बाजार' कोणता आणि त्यात प्रभुत्व कोणाचे हे मांडावे लागेल, असेही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, आषाढी एकादशीला साबुदाणा किती मागवू? तुमच्यातली दोन घरे यंदा बदलून गेली. मी म्हणालो, पाच किलो पुरे. वितरकाचे बिल त्याने खिळ्याला टोचले. पावती मात्र घडी करून खिशात ठेवली. रविवारी तिथे पुन्हा सूट होती.