सातवा सोबती

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. परंतु ते बिऱ्हाड म्हणजे विंचवाची जिवंत पिल्लेच असतात, हे म्हणताना ध्यानात राहत नाही. माणसाचे बिऱ्हाड हलते तेव्हा भांडीकुंडी, पुस्तके, देव्हारा यांची यादी करता येते. आमच्या घरात यादीत न बसणारे आणि विचारताही न येणारे असे दोन जीव होते. मोत्या हा नऊ वर्षांचा गावठी कुत्रा आणि मनी ही मांजर.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही लखनौमधील जानकीपुरमहून लेहला राहावयास गेलो. मुलीची तेथे दोन वर्षांसाठी नेमणूक झाली होती आणि मी अध्यापनातून निवृत्त झालो होतो. जानकीपुरम ही गोमतीच्या उत्तरेस, सीतापूर मार्गालगत, सेक्टर पाडून वसवलेली वस्ती. विद्यापीठाचा नवा परिसर आणि केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थान यांमुळे तिला थोडी विद्वत्तेची कळा आली आहे, एरवी ती चारचौघींसारखीच. मोत्या तेथल्या गल्लीतच जन्मला. आमच्या घरी जेवू लागला, एवढ्यावरून तो आमचा ठरला. पण गल्लीवरचा हक्क त्याने कधी सोडला नाही. शेजारीपाजारी त्याला ‘मोती भैया’ म्हणत. मराठी नावाला अवधी प्रतिष्ठा मिळाल्याचे हे एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

पाळलेल्या जीवांविषयी लखनौला नवलाई नाही. अब्दुल हलीम शरर यांच्या ‘गुजिश्ता लखनऊ’मध्ये कबुतरे, बटेर आणि कोंबडे यांच्या शौकाची वर्णने वाचली म्हणजे एका राजधानीने पक्ष्यांवर किती बुद्धी खर्च केली हे कळते. १८५६ मध्ये राज्य गेल्यावर वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला राहिला आणि तेथेही त्याने मोठे प्राणिसंग्रहालय उभारले. ते शररांनी बालपणी डोळ्यांनी पाहिले होते. राज्य गमावलेल्या माणसाला राणीवशाहून कबुतरांची अधिक सोबत वाटली असेल काय, हा प्रश्न मला पुष्कळदा पडला आहे.

आमचा प्रश्न मात्र साधा होता. लखनौ समुद्रसपाटीपासून सुमारे १२३ मीटरवर, लेह सुमारे ३,५०० मीटरवर. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने दोनतृतीयांशाच्या आसपास. लखनौत पावसाळ्यातल्या एखाद्या दांडग्या दिवशी जेवढे पाणी कोसळते, तेवढे लेहला वर्षभरातही कष्टाने पडते, कारण मोसमी ढगांना हिमालय पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून ते वाळवंटच, फक्त थंड. माणूस तेथे विमानाने उतरला तर दोन दिवस अंथरुणावर पडून राहावे, हा नियम सर्वश्रुत आहे. कुत्र्याला हा नियम सांगणार कोण?

पशुवैद्यांनी सांगितले की कुत्र्याचे शरीर उंचीशी बरेच जुळवून घेते. चपट्या नाकाच्या जाती तेवढ्या नेऊ नयेत. मोत्याचे नाक लांब होते, वय मात्र आडवे येत होते. मनीविषयी त्यांना चिंता नव्हती. घरगुती मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजरे. थोड्या पाण्यावर भागवणारे मूत्रपिंड हा तिचा वारसा. म्हणजे वाळवंट हे तिचे माहेरच. एका विमान कंपनीने प्रथम होकार दिला, नंतर नकार दिला, आणि कारण दिले नाही. तेव्हा मोटारीने जावयाचे ठरले, तेही श्रीनगरवरून. मनालीवरून जाणारा रस्ता फार लवकर फार वर नेतो. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, कारगिल सुमारे २,७००. या पायऱ्यांवर मुक्काम करीत गेले म्हणजे रक्ताला सवड मिळते.

पत्नीचे मत पहिल्यापासून वेगळे होते. “अहो, त्याची गल्ली इथे आहे. शेजारचे त्याला दोन वेळा घालतील. तुम्ही त्याला नेताय ते त्याच्यासाठी की तुमच्यासाठी?” मी उत्तर दिले नाही. कुत्र्याला मालक लागतो की जागा, या विषयावर आमच्या घरात त्या एप्रिलमध्ये जेवढे बोलणे झाले, तेवढे मुलीच्या लग्नाच्या वेळीही झाले नव्हते.

या वादात माझ्या बाजूने मी जो ग्रंथ उभा करीत होतो तो महाभारत. महाप्रस्थानिक पर्वात पाच भाऊ, सहावी द्रौपदी आणि सातवा कुत्रा असे निघतात. हिमवान ओलांडल्यावर त्यांना वालुकार्णव, म्हणजे वाळूचा समुद्र, दिसतो आणि त्यापुढे मेरू. व्यासांच्या डोळ्यांपुढे कोणता प्रदेश होता याची चर्चा भूगोलज्ञांनी करावी. मला एवढेच दिसते की उंच पर्वतापलीकडे वाळू असते, ही गोष्ट त्या कवीला ठाऊक होती आणि तेथवर जाणाऱ्या कुत्र्याची कथा आपल्याजवळ फार जुनी आहे. इंद्र कुत्र्याला सोडून रथात बैस म्हणतो. भक्ताचा त्याग मी करणार नाही, असे युधिष्ठिर सांगतो. पुढे कुत्रा धर्माच्या रूपात प्रकट होतो, आणि कुत्र्याला स्वर्गात प्रवेश आहे की नाही या अडचणीच्या प्रश्नातून व्यास सहीसलामत सुटतात. माझ्या पत्नीने हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “तो कुत्रा आपण होऊन मागे गेला होता ना? त्याला कुणी गाडीत नाही घातलं.” पाठ्यचिकित्सेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा मुद्दा सुचला नव्हता, परंतु संहितेचा आधार तिच्याच बाजूस आहे.

प्रवासाचे वर्णन लांबवीत नाही. झोजिला ओलांडताना मोत्या दाराला नाक लावून उभा होता. सुमारे ४,१०० मीटर उंचीच्या फोतुलावर तो धापा टाकू लागला, तेव्हा आम्ही गाडी थांबवली नाही, खाली उतरत राहिलो. उंचीच्या त्रासावर उतार हाच पहिला उपाय. कारगिलच्या मुक्कामात मला विल्यम मूरक्रॉफ्टची आठवण झाली. हा इंग्रज पशुवैद्य कंपनी सरकारच्या घोड्यांसाठी चांगले वाण शोधत १८२० मध्ये लडाखात आला आणि दोन वर्षे अडकून राहिला. याच पुरिक प्रदेशातील एका ठेंगण्या मेंढीचे त्याने लिहिलेले वर्णन वाचण्यासारखे आहे: ती कुत्र्यासारखी घरात वावरते आणि जेवणाऱ्यांच्या पायांशी पडलेले खरकटे वेचते. तो १८२५ मध्ये परतीच्या वाटेवर मध्य आशियात वारला आणि त्याचे प्रवासवृत्त १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. जनावरांसाठी हिमालय ओलांडणाऱ्यांत आम्ही पहिले नव्हतो, एवढे समाधान.

लेहला हवा बाधली नाही. बाधले ते कुत्रे. उन्हाळ्यात पर्यटकांच्या आणि छावण्यांच्या उष्ट्यावर वाढलेल्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या हिवाळ्यात उपाशी पडतात आणि माणसांवर, मेंढरांवर जातात. चांगथांगमध्ये काळ्या मानेच्या क्रौंचांची घरटीही त्यांच्यापासून सुरक्षित नसतात. जानकीपुरमच्या गल्लीचा राजा येथे फाटकाबाहेर पाऊल टाकू शकेना. तिबेटी राखणदार कुत्र्याला ‘दो-ख्यी’ म्हणतात, म्हणजे बांधून ठेवलेला कुत्रा. आमच्या मोत्याला ते नाव जातीने नव्हे तरी परिस्थितीने लागू झाले. अलीकडचे जनुकशास्त्र सांगते की त्या तिबेटी जातीला विरळ हवेत टिकण्याचा गुण तेथील लांडग्यांशी झालेल्या संकरातून मिळाला. मोत्याच्या वंशात सीतापूर मार्गाच्या पलीकडचा लांडगा बहुधा नसावा.

मनीने पहिल्याच आठवड्यात बुखारीशेजारची जागा धरली आणि पुढे तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही घडले नाही.

मोत्याला तारले ते घरमालकिणीच्या धाब्याने. तेथे लसूणघास वाळत घातलेले असे, ऊन स्वच्छ असे, आणि खाली टोळ्या फिरताना दिसत. त्या बाईंना सारे ‘आमा-ले’ म्हणत. त्या त्याला भाजलेल्या जवाचे पीठ ताकात कालवून घालीत. शब्दांच्या प्रेमिकांसाठी येथे एक टीप: मराठीत सातू म्हणजे हे धान्यच, लखनौत सत्तू म्हणजे बहुतेक हरभऱ्याचे पीठ, आणि लडाखात तो पदार्थ पुन्हा जवापाशी येतो. मोत्याने अर्थभेदाकडे लक्ष न देता तिन्ही खाल्ले. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत त्याच्या अंगावर अशी दाट लव आली की लखनौचा पशुवैद्य त्याला ओळखता ना. रात्री तो आमच्या दाराशी न निजता आमा-लेंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर निजू लागला होता. मी हाक मारली की येई, थोडा वेळ बसे आणि उठून जाई.

२०२४ च्या जूनमध्ये मुलीची मुदत संपली. लखनौत तेव्हा पारा ४४ अंशांच्या वर होता, आणि अकरा वर्षांच्या, लोकर चढलेल्या जीवाला त्या भट्टीत उतरवावे की नाही, याविषयी पशुवैद्यांनीही स्पष्ट सांगितले नाही. पत्नीचे मत या वेळी नेमके उलट झाले होते: आणला आपण, तर नेलाही आपणच पाहिजे. निघण्याच्या सकाळी मी गाडीचे मागचे दार उघडून ठेवले आणि त्याला उचलावयाचे नाही असे ठरवून उभा राहिलो. मनीची टोपली आत होती. मोत्या आला, टोपली हुंगली, माझा हात चाटला, आणि गोठ्याच्या बाजूने जिना चढून धाब्यावर गेला. आम्ही सुमारे पाऊण तास थांबलो. तो कठड्यावरून पाहत होता, खाली आला नाही.

कोणी कोणाचा त्याग केला, हे महाभारताच्या आधारे ठरवता येईल असे मला वाटत नाही. पत्नीने तो विषय त्यानंतर काढलेला नाही. आमा-लेंचा महिन्यातून एकदा दूरध्वनी येतो. मोत्या डाव्या पायाने थोडा लंगडतो, आणि घास वाळत घातले की मॅगपाय पक्ष्यांवर भुंकतो.