दादींचा प्रश्न

गेल्या रमजानमध्ये मुलीच्या हट्टापायी आम्ही घरी मॅकरोनी-चीज केलं. दादींनी विचारलं, "हे चीज कशानं जमवतात?" आम्ही हसून टाळलं. इफ्तारला त्यांनी खजूर आणि पाणी घेतलं. त्या भांड्याला हातही लावला नाही. शाळेत मुलांना "प्रश्न विचारा" असं आम्हीच सांगतो. शरम वाटली.

तरावीहनंतर पाकीट वाचलं. चीजसाठी दूध रेनेटनं गोठवतात. ते वासराच्या पोटातूनही काढतात, सूक्ष्मजीवांपासूनही बनवतात. आमच्या पाकिटावर हिरवा ठिपका होता, 'मायक्रोबियल' असंही छापलं होतं. दादींना वाचून दाखवलं, माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी 200 ग्रॅम मॅकरोनी जरा कच्चीच उकडली. दोन मोठे चमचे लोण्यात तेवढाच मैदा परतून अर्धा लिटर दूध हळूहळू घातलं. दाट झाल्यावर आच बंद करून 150 ग्रॅम किसलेलं चीज मिसळलं. उकळत्या सॉसमध्ये ते दाणेदार होतं. मॅकरोनी घालून ओव्हनमध्ये 180 अंशांवर 20 मिनिटं भाजलं.

दादींनी बिस्मिल्लाह म्हणून घास घेतला. "मऊ आहे. दात नसले तरी चालतंय."

आता नवं पाकीट आणलं की आम्ही आधी त्यांना वाचून दाखवतो.